डाव्या कमरेची माती

"सिमेंटवर अंगठा टेकून काय लागतं गं हाताला?" म्हातारी म्हणाली, तेव्हा मी वाकलेलीच होते. दुकानात तशी गडबड होती. बाहेर तीनचाकी गाड्यांचे भोंगे चालले होते, पंखा घरघरत होता, तालमीसाठी सजून आरशासमोर उभी असलेली नवरी स्वतःलाच पाहून हसत होती आणि तिच्या दोन मैत्रिणी मोबाईलवर तिचे फोटो काढत होत्या. त्या सगळ्या गोंगाटात म्हातारी काही मोठ्यानं बोलली नव्हती. तरी माझा अंगठा जमिनीवर होता तो तिथंच राहिला. उठायचं असतं हे मी विसरले. मग गुडघ्यात कळ आली तेव्हा उठले, आणि ठरल्याप्रमाणे तो अंगठा नवरीच्या डाव्या कमरेशी, गुंडाळलेल्या कापडाच्या शेवटच्या दुमडीत खुपसला, दोनदा दाबला आणि म्हणाले, "जा आता." मैत्रिणींनी टाळ्या वाजवल्या. या टाळ्या त्या पैसे देऊनच विकत घेतात असं मी नेहमी गमतीनं म्हणते. त्या दिवशी म्हटलं नाही.

कॅलाबारमध्ये मुलगी उजवायची म्हटली की मायेन एकेंगकडे या, असं गेली तीस वर्षं चाललंय. नवरी आम्हा एफिकांची असो, शेजारच्या क्वांची असो, वरच्या डोंगराकडची असो, सगळ्यांना आमच्या ड्यूक टाउनच्या बायकांसारखं दिसायचं असतं. केसांचा उंच बुचडा, त्यात पितळी फण्या, गळ्यात पोवळी, पायघोळ झगा. मी ते करते, आणि मला ते येतं. इतरांना येत नाही असं मी म्हणत नाही, पण लोक म्हणतात. फणी कुठल्या कोनात बसली म्हणजे खानदानी आणि कुठल्या कोनात बसली म्हणजे बाजारू, हे मी पुढच्या पिढीला ओरडून ओरडून सांगितलंय. दोनदा रेडिओवर बोलावलं होतं. आणि शेवटी, पाहुण्यांसमोर पाठवायच्या आधी, नवरी कपडे बदलून दोन-तीनदा बाहेर येते त्यातल्या दुसऱ्या खेपेचं कापड कमरेला गुंडाळून झालं की मी वाकते, अंगठा जमिनीला लावते आणि कमरेत दाबते. ही माझी सही. रेडिओवरच्या बाईनं विचारलं होतं, हे काय आहे? मी फाडकन सांगितलं, जुनी रीत आहे, आमच्या ड्यूक टाउनची. तेव्हा माझी जीभ जराही अडखळली नाही. खोटं बोलायची सवय लागली की ते खोटं वाटेनासं होतं, आणि मग कुणी खरं म्हटलं तर आपण त्याच्याच अंगावर धावून जातो.

नवरीचं नाव ग्लोरी न्तुई, राहणार बिग क्वा टाउन. वहीत लिहिताना न्तुईपाशी माझा हात थांबला होता, हे कबूल करते. पण बिग क्वात न्तुई काय एकच घर आहे, असं म्हणून मी पुढे तारीख लिहिली. नवरा क्रीक टाउनचा, आमच्यातला. तिच्याबरोबर आलेली म्हातारी तिची आजी लागत होती, मा इक्वो. आल्यापासून दाराजवळच्या खुर्चीत हातातली काठी आडवी धरून बसली होती आणि माझ्या हातांकडे पाहत होती. गिऱ्हाइकांबरोबर येणाऱ्या म्हाताऱ्या बहुधा फण्यांकडे पाहतात, आरशाकडे पाहतात, किमतीला नाकं मुरडतात. ही नुसती हातांकडे बघत होती. मुली कपडे बदलायला आत गेल्या तशी म्हणाली, "तू आकोची पोर ना?"

"माझे वडील ड्यूक टाउनचे. एकेंग. बंदरावर मोठे कारकून होते," मी म्हणाले.

"बापाचं कुठं विचारलं मी? बापाचं तुझ्या दारावरच्या पाटीवर आहे. वाचता येतं मला."

मी फण्या पुसायला घेतल्या. एक पुसली, दुसरी पुसली. ती थांबायला तयार होती. या बायकांना थांबता येतं, आम्हाला येत नाही. आम्ही पाण्याची माणसं, भरती-ओहोटी बघून चालणारी. असं आमच्यात म्हणतात. त्यांच्यात काय म्हणतात तेही मला ठाऊक आहे: पाहुणे होडीतून आले, घर आवडलं, आणि आता घरमालकाला विचारतात की तुम्ही कुठून आलात. लहानपणी शाळेत या दोन्ही गोष्टींवरून मारामाऱ्या व्हायच्या. बिबट्याच्या नावाच्या गुप्त मंडळाचा जो विधी आहे, तो आमच्याकडचे पुरुष म्हणतात आमचा, त्यांचे म्हणतात त्यांचा. नाव आमचं वेगळं, त्यांचं वेगळं, आणि दाराआडून येणारी डरकाळी मात्र एकच. मी तेव्हा आमच्या बाजूनं भांडायचे. जरा जास्तच जोरात भांडायचे.

"ही रीत ड्यूक टाउनची नाही," मा इक्वो म्हणाली. "सगळ्या क्वांचीही नाही. न्तुईंच्या घराची आहे. आमच्या घरातून पोरगी बाहेर पडायची तर पायरीजवळची माती अंगठ्यानं घ्यायची नि कमरेत ठेवायची. डावीकडं. कुठंही गेली तरी उंबऱ्याचं बोट धरलेलं असावं. माझी आजी करायची, मी करते, आको करायची. माझी चुलतबहीण होती ती. एका ताटात जेवलोय आम्ही. तू शिकलीस ते बरं झालं. पण बाई, माती तरी घ्यावी. हे काय, मीठच नाही अन् नुसतं ढवळतेयस."

मला हसू आलं. "माती कुठून आणणार मा? भाड्याचं दुकान आहे."

"तेही खरंच." ती उठू लागली. मी हात दिला, तो तिनं घेतला नाही, काठी घेतली. उभी राहिली आणि मग अगदी साध्या आवाजात, भाजीचा भाव विचारावा तशी म्हणाली, "आकोला केलंस ना? शेवटी?"

"केलं," मी म्हणाले.

"मग झालं," ती म्हणाली. तिचा चेहरा एवढा मोकळा झाला की मला भिंतीकडे बघावं लागलं. "अकरा वर्षं मी हेच म्हणत आले घरात. म्हटलं, तिला आणू दिलं नाही तर नाही, पण पोरीनं तेवढं केलं असेल. आको शिकवल्याशिवाय राहायची नाही." मुली बाहेर आल्या. ग्लोरी म्हणाली, "आंटी, शनिवारी सकाळी आमच्याकडेच या हं, घरीच सजवायचं आहे. आणि शेवटची खेप तुमची नाही, आमची. मोनिनकिमचा नाच. पायातले खुळखुळे आजीनं काढून ठेवलेत." मी मान हलवली. त्या गेल्यावर मी दाराला आतून कडी घातली आणि खुर्चीत बसून राहिले. दुपारी अडीचला दोन गिऱ्हाइकं दार वाजवून परत गेली.

मी केलं नव्हतं.

त्या आठवड्यात हवेत सगळीकडे धूळ होती, डिसेंबरात वाळवंटाकडून येते ती. आरसे पुसले की पुन्हा मळत, फण्यांच्या दातांत पिवळी रेघ बसत असे. सबंध गावावर माती उडत होती आणि मी मात्र चिमूटभर मातीच्या विचारात होते. आई आमच्या घरात आली तेव्हा ड्यूक टाउनमधलं आमचं अंगण मातीचं होतं. माझ्या आठवणीतही ते मातीचंच आहे. ती रोज पहाटे झाडायची आणि झाडूचे अर्धगोल अंगणभर राहायचे, आम्ही त्यावर पहिलं पाऊल टाकायला भांडायचो. बाबांची आई, मा अफिओंग, ओट्यावर बसून हे पाहायची. ती वाईट बाई नव्हती. सुनेला तिनं कधी उपाशी ठेवलं नाही, कधी हात लावला नाही. एवढंच म्हणाली होती की या घरात मुलांच्या कानावर एकच बोली पडेल. आईनं ते पाळलं. पन्नास वर्षं आमच्याशी ती एफिकमध्ये बोलली, आणि इतकी स्वच्छ की बाजारात बायका तिला हेन्शॉ टाउनची समजायच्या. फक्त कोंबड्यांशी तिच्या बोलीत बोलायची. कोंबड्या कुणाच्या कानावर घालणार? संध्याकाळी खुराड्यापाशी तिचा वेगळाच आवाज लागायचा, जरा जाड, जरा हसरा, आणि मी खिडकीतून ऐकायचे आणि मला कोंबड्यांचा राग यायचा. मी एकदा विचारलं, काय म्हणतेस त्यांना? "काही नाही गं, शिव्या देते," ती म्हणाली. मला शिव्या तरी शिकव, असं मी तिला म्हटलं नाही. तेव्हा मी नऊ वर्षांची होते आणि शाळेत क्वांसाठी 'जंगलवाले' हा शब्द वापरायला शिकले होते.

आणि अंगठा. शाळेच्या पहिल्या दिवशी, गणवेशाच्या स्कर्टमध्ये. क्रीक टाउनला मावसआजीकडे सुट्टीला जाताना. माझ्या लग्नात, आणि लग्न मोडून मी परत आले आणि पुन्हा कामासाठी उयोला निघाले तेव्हाही. ती वाकायची, अंगणातली माती अंगठ्याला घ्यायची, डाव्या कमरेत दोनदा दाबायची आणि तिच्या बोलीत एक शब्द म्हणायची, 'जा आता' एवढ्याच अर्थाचा. आम्हाला तिनं दिलेला तो एकच शब्द. मा अफिओंग तेवढ्यापुरती दुसरीकडे पाहायची. मग बाबांनी अंगणाला सिमेंट घातलं, गाडी आत यावी म्हणून, तर आई फाटकाबाहेर जाऊन माती आणू लागली. मी तिला म्हणायचे, आई, लोक बघतात. धंदा सुरू केल्यावर पहिल्याच नवरीच्या वेळी माझा हात आपोआप खाली गेला. मी तो अडवला नाही कारण ते छान दिसलं. आणि कुणी विचारलं तेव्हा मी ते आमच्या नावावर करून टाकलं. घरात असताना तिची बोली नको होती, धंद्यात तिचा हात मात्र चालला. याला काय म्हणतात ते मला माहीत आहे, फक्त स्वतःबद्दल तो शब्द लिहायला पेन उचलवत नाही.

तिच्या शेवटच्या आठवड्यात तिचे पाय हलायचे. चादरीखाली, टाचा एकदा या, एकदा त्या, भराभर, मग थांबून, मग पुन्हा. बोलणं बंद झालं होतं. मी नर्सला म्हटलं, हिला झटके येतायत, काहीतरी द्या. नर्सनं गोळी दिली आणि पाय थांबले. मला हायसं वाटलं, चादर नीट करून मी घरी जेवायला गेले. ती गेली तेव्हा तिच्या माहेरची माणसं तिला न्यायला आली, चार पुरुष आणि डोक्याला निळं फडकं बांधलेली एक बाई. लग्न होऊन गेलेली बाई मेली की माहेरचे न्यायला येतात, हे जसं त्यांच्यात तसं आमच्या जुन्या घरांतही होतं. आमच्या दोन आत्या अशाच परत येऊन अंगणात झोपल्यात. म्हणजे मी त्यांची रीत मोडली असंही नाही, मी आमचीच मोडली. माझा भाऊ एफांगा म्हणाला, तू सांग, तू मोठी. मी वरच्या खिडकीतच राहिले आणि खाली सांगायला पाठवलं की ती या घरची आहे, पन्नास वर्षं इथली आहे, तुमची बोलीसुद्धा विसरली होती. ते फाटकाशी दोन तास उभे होते. निळ्या फडक्याच्या बाईनं एकदाही वर बघितलं नाही. मी का केलं तसं? लोक म्हणतील म्हणून. मायेन एकेंगची आई बिग क्वाला पुरली तर सबंध कॅलाबारला कळेल की मायेन एकेंगचा अर्धा जीव तिकडचा आहे, आणि मग फणीच्या कोनाबद्दल बोलायला मी कोण. एवढंच. यापेक्षा मोठं कारण मी अकरा वर्षं शोधतेय.

मग मी तिला सजवलं. बुचडा, फण्या, पोवळी. मी सजवलेल्या सगळ्या नवऱ्यामुलींत तीच सर्वांत सुंदर दिसली असं बायका म्हणाल्या. कमरेला कापड गुंडाळलं. माझा हात खाली गेला. खोलीत बाबांकडच्या सात बायका उभ्या होत्या, पाय गुळगुळीत फरशीवर, आणि त्यातली एक म्हणाली, "काही पडलं का गं?" मी म्हणाले, "नाही," आणि हात वर घेतला. शेकडो परक्या मुलींना मी ते केलं. हिला नाही.

गुरुवारी मी एफांगाला फोन केला. आई-बाबांची थडगी ज्या अंगणात आहेत त्या जुन्या घरात आता तो राहतो. म्हटलं, तुला आठवतं का आई कमरेत माती ठेवायची? तो म्हणाला, "आता हे काय काढलंस? झोपलीय ती. झोपू दे." मी म्हटलं, थोडी माती हवीय तिच्या थडग्यावरची. तो हसला, पण चांगलं नाही हसला. "माती? मायेन, टाइल्स तूच निवडल्या होत्यास. इटालियन. मी म्हणत होतो साधं राहू दे. तिथं उंदराला उकरता येणार नाही, तू कुठली माती काढतेस?" खरंच होतं ते. पावसानं खचू नये, शेवाळ धरू नये, पाहुण्यांना नीट दिसावं म्हणून मी पांढऱ्या टाइल्स आणल्या होत्या, कडेला करडी पट्टी.

शनिवारी मी पेट्या घेऊन बिग क्वा टाउनला गेले. माझ्या दुकानापासून गाडीनं बारा मिनिटं. बारा मिनिटांत काय बदलायचं असतं? तीच खोबणीदार पत्र्याची छपरं, तेच चर्चचे फलक, तोच पाम तेलाचा आणि शिंपल्यांचा वास. अंगणात बायका पानांत अळकुड्यांचा कीस गुंडाळत होत्या, तोच पदार्थ, आणि तो मुळात कुणाचा यावरून त्यांचं भांडणही तेच. मला पाहून एक म्हणाली, "या या, ड्यूक टाउनच्या राणीसाहेब, वास घेऊन सांगा, जमलंय का आम्हा जंगलवाल्यांना?" सगळ्या हसल्या. मीही हसले. तो शब्द त्यांनी इतक्या सहज उचलून माझ्या हातात दिला की तो भाजला. मी ग्लोरीला दोन खेपा सजवलं, फण्या बसवल्या, क्रीक टाउनची मंडळी खूश झाली, तिनं आमचा नाच केला, पाण्याचा, खांदे लाटेसारखे वर-खाली, पाय जमिनीला न लागल्यासारखे. मग आत आली, म्हणाली, "आता आजी." आणि मला कोपऱ्यात बसायला सांगितलं.

मा इक्वोनं तिला रंगीत गोंड्यांचा आखूड घागरा बांधला, अंगावर पांढऱ्या खडूच्या नक्ष्या काढल्या, आणि पायात पितळी खुळखुळे चढवले, घोट्यापासून वर, भारी, जुने. ग्लोरी बाहेर गेली आणि ढोल लागले. मी दारातून पाहत होते. वरचं अंग जवळजवळ स्थिर, आणि पाय. टाचा एकदा या, एकदा त्या, भराभर, मग थांबून, मग पुन्हा. जमिनीतूनच आवाज येत होता. माझा हात दाराच्या चौकटीवर होता. मला कळलं, आणि कळताना मी एवढी स्वच्छ शुद्धीवर होते की आजूबाजूच्या सगळ्या वस्तू मला आजही आठवतात, पाण्याचा पिंप, त्यावरचा हिरवा मग, कुणाचीतरी उलटी पडलेली चप्पल. आई नाचत होती. आठवडाभर ती चादरीखाली नाचत होती, आणि मी तिला गोळी दिली.

बाहेर सगळे नाचाकडे पाहत असताना मी मा इक्वोपाशी जाऊन बसले. "मा, मी खोटं बोलले," मी म्हणाले. "मी तिला नाही केलं. सात जणी उभ्या होत्या. मला लाज वाटली."

ढोल चालू होते. तिनं माझ्याकडे न बघता विचारलं, "कुणाची लाज? त्यांची का तिची?"

"तिची," मी म्हणाले. हे मी याआधी कुणालाच सांगितलं नव्हतं, स्वतःलासुद्धा.

मला वाटलं ती आता काठी आपटेल, बायकांना बोलावेल, मला अंगणातून हाकलेल. तसं झालं असतं तर बरं झालं असतं, मी ताठ मानेनं निघून गेले असते. ती म्हणाली, "त्या दिवशी तुमच्या फाटकाशी दोन तास मी उभी होते. पाय सुजले माझे. मी म्हटलं, ही आकोची पोर, रागानं वर कोंडून घेतलंय, उतरेल. तू उतरली नाहीस." तिच्या डोळ्यांत पाणी आलं, ते तिनं हाताच्या मागल्या बाजूनं पुसलं. "गाढव आहेस. अकरा वर्षांनी उतरलीस. ऊठ."

तिनं मला घराच्या पुढच्या दाराशी नेलं. पायऱ्या सिमेंटच्या, अंगण सिमेंटचं, फक्त डाव्या हाताला पायरीच्या कडेला ताटाएवढी जागा उघडी होती, लालसर माती, भोवती चार विटा. "पोरं म्हणतात, इथं पण घालू. मी म्हटलं, मी मेल्यावर घाला." ती वाकली, वाकताना कण्हली, आणि मूठभर माती काढून डोक्याचं फडकं सोडलं, त्याच्या टोकात बांधली. फडकं निळं होतं, धुऊन धुऊन पांढरं पडलेलं. "तिला आणता येत नाही आता. माती नेता येते. जा."

रविवारी दुपारी चर्च सुटल्यावर मी ड्यूक टाउनच्या घरी गेले. एफांगा व्हरांड्यात बनियनवर बसला होता. मी सरळ थडग्यांकडे गेले. बाबांचं आणि आईचं थडगं शेजारी शेजारी, धुळीनं मळलेलं. मी तिला शेवटची सजवली होती, तिची उंची मला पाठ होती. डोक्याकडून चार वीत आणि वर चार बोटं मोजली, डावी बाजू, बाबांकडची. फण्या सरळ करायची माझी छोटी हातोडी पिशवीत होती. पहिल्या ठोक्याला टाइलवर चरा पडला. चौथ्याला ती फुटली. खाली सिमेंट होतं आणि त्यावर हातोडी नुसती उडत होती. मी मारत राहिले. शेजारच्या घरातली बाई कुंपणाशी आली, तिच्यामागे तिची सून आली. शेजारीण म्हणाली, "मा मायेन, काही पडलं का?"

"हो," मी म्हणाले. "आमची आई क्वा होती. न्तुईंच्या घरची. तिची एक गोष्ट द्यायची राहिली होती." मी हे मोठ्यानं म्हटलं, गरजेपेक्षा मोठ्यानं. दोघी तिथंच उभ्या राहिल्या.

मागे पावलं वाजली. मला वाटलं एफांगा हात धरणार. त्यानं मागच्या अंगणातली लोखंडी पहार आणली होती. त्यानं पहारेचं टोक करड्या पट्टीच्या सांध्यात घातलं आणि अंगाचा भार टाकला. सिमेंटचा टवका निघाला, दुसरा निघाला, घामानं त्याचं बनियन पाठीला चिकटलं. थांबून दम घेत तो म्हणाला, "मी लागोसला निघालो तेव्हा तिनं माझ्या पँटच्या पट्ट्यात घातली होती. मी म्हटलं, आई, मी पुरुष आहे. ती म्हणाली, असशील." मग पुन्हा पहार घातली. वीतभर खाली गेल्यावर काळी, ओलसर माती लागली.

मी निळं फडकं सोडलं. वाकून लाल माती अंगठ्याला घेतली आणि त्या खड्ड्यात दाबली, एकदा, आणि पुन्हा एकदा, मग उरलेली सगळी वरून घातली. एफांगा पहारेवर टेकून उभा होता. त्यानं विचारलं, "काही म्हणायचं असतं का?"

"एकच शब्द आहे," मी म्हणाले. तो मी इतकी वर्षं प्रत्येक नवरीला आमच्या बोलीत म्हणत आले होते. त्या दुपारी मी तो आईच्या बोलीत म्हटला.